ओसाड मुलूख आणि मराठी प्रवासवर्णन

कझाकस्तानात जाऊन आलेली मंडळी आता पुण्यात विरळ राहिलेली नाहीत. भारतीयांना 14 दिवसांपर्यंत व्हिसावाचून प्रवेश देण्याचे त्या देशाने 2022 साली ठरविले. दिल्लीहून विमान सुमारे चार तासांत अल्माटीस पोचते. आणि सहल-कंपन्यांनी चार-पाच दिवसांचा बेत बांधून ठेवलेला आहेच. या प्रवासाविषयीचे जे लेख अलीकडे आमच्या वाचनात आले, त्यांत एक विशेषण हटकून येते : ओसाड. डोंगर संपले, माळ लागला, आणि दूरवर काहीच नव्हते, एवढे लिहून लेखक पुढील जेवणाकडे वळतो. आमच्या मते हे 'काहीच नव्हते' म्हणजे नुसता निष्काळजीपणा नव्हे. तो आमच्या प्रवासवर्णनाचा जुना वाङ्मयीन दोष होय.

मराठी प्रवासवर्णन वाढले ते बहुतांशी युरोपच्या वाटेवर. लंडनात पाऊल टाकण्यापूर्वीच लेखकाने व वाचकानेही ते शहर पुस्तकांत पाहिलेले असते, आणि ओळख पटल्याचा आनंद हाच त्या लेखनाचा अर्धा रस असतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'तील विनोद मनातले इंग्लंड व डोळ्यांपुढचे इंग्लंड ताडून पाहण्यातून निघतो. मध्य आशियाची अशी पूर्वओळख आम्हांस नाही, आणि जी आहे ती उसनी आहे. आमच्या पिढीस ऑक्सस नदी भेटली ती मॅथ्यू आर्नोल्डच्या 'सोहराब अँड रुस्तुम' या काव्यात. तैमूर भेटला तो मार्लोच्या नाटकात. ज्या मुलखातून बाबर हिंदुस्थानात उतरला तो मुलूख आम्हांस विलायतेच्या मार्गाने कळावा, ही गंमत इतकी वर्षे वर्गात शिकवीत असता आमच्याही ध्यानी आली नाही!

आता त्या ओसाडपणाकडे पाहू. या देशाचे क्षेत्रफळ 27 लाख चौरस किलोमीटरांहून अधिक. महाराष्ट्र त्यात जवळजवळ नऊ वेळा मावेल, आणि वस्ती मात्र सुमारे दोन कोटी. परंतु हे विरळपण सर्वस्वी निसर्गाने दिलेले नाही. 1930 नंतरच्या तीन-चार वर्षांत सोव्हिएत सरकारने भटक्या पशुपालकांस सक्तीने एके जागी बसविले, त्यांची जनावरे काढून घेतली, आणि त्यातून उद्भवलेल्या दुष्काळात सुमारे 15 लाख माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य कझाक होती. पुढे 1937 साली अतिपूर्वेकडील कोरियन, 1941 साली व्होल्गाकाठचे जर्मन आणि 1944 साली चेचेन लोक आगगाड्यांत कोंबून याच माळावर आणून सोडण्यात आले. सेमिपालातिन्स्कजवळ 1949 पासून 1989 पर्यंत अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, त्याही तेथे जणू कोणी राहतच नाही असे धरून. आमचे लेखक जो शब्द निरुपद्रवी म्हणून वापरतात, तो त्या भूमीवर राजसत्तेने कसा वापरला, हे यावरून दिसेल. अल्माटीच्या हिरव्या बाजारात घोड्याच्या मांसाच्या दुकानांजवळच कोरियन बायका तिखट गाजराची कोशिंबीर विकतात. आमची मंडळी त्याचे छायाचित्र घेतात. ही बाई येथे कोठून आली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

चार-पाच दिवसांत हे कळावे कसे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. दुसऱ्याने आखलेल्या वाटेवर दृष्टीही आखलेली राहते. अण्णा भाऊ साठे 1961 साली सोव्हिएत देशात गेले ते पाहुणे म्हणून. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचे पुस्तक प्रांजळ आहे, परंतु यजमानाने जे दाखविले त्याच्या पलीकडे पाहण्यास पाहुण्याला वाव थोडा असतो. ज्या माणसाने लहानपणी वाटेगावाहून मुंबईपर्यंतची वाट पायी तुडविली, त्याला तो माळ मोकळेपणी हिंडावयास मिळता तर केवढे काम झाले असते!

तथापि एकट्याने हिंडणे म्हणजेच चांगले लिहिणे असेही नव्हे. स्वतंत्र प्रवाशाचा दोष निराळा : त्याला देशापेक्षा स्वतःचे धाडस मोठे दिसते. चुकलेली गाडी, न समजलेली भाषा, रात्रीची थंडी, यांतच पाने संपतात. 2025 साली निवर्तलेल्या मीना प्रभू यांची 'तुर्कनामा' आणि 'गाथा इराणी' ही पुस्तके आम्हांस या बाबतीत पुष्कळ सरस वाटतात. चौकशी करण्याची त्यांची हौस अडचणींच्या कथनाखाली दबत नाही. तरी कोठे कोठे त्यांच्याही लेखणीस थोडा आवर हवा होता, असे आम्हांस वाटते.

आवर कसा असतो हे ह्युएनत्संगाकडे पाहावे. सातव्या शतकात बादशाही मनाई मोडून तो चीनमधून निघाला, आजच्या कझाकस्तानातील तराझवरून समरकंदकडे गेला, आणि पुढे आमच्या महाराष्ट्रातही आला. वाळवंटात तहानेने तो मरणाच्या दारी पोचला होता; पण ती हकीकत त्याच्या चरित्रात, म्हणजे शिष्याच्या ग्रंथात आहे. त्याच्या स्वतःच्या ग्रंथात राज्याचा घेर, जमिनीचा कस, हवामान, लोकांचा स्वभाव, एवढेच येते. पुलकेशीची प्रजा उपकार विसरत नाही आणि अपमानही विसरत नाही, ही नोंद त्याच कोरड्या पद्धतीने झालेली आहे. रा. गो. भांडारकरांनी 1884 साली दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिताना तिचा आधार घेतला, आणि ती वाचून आम्ही अजूनही छाती फुगवितो. आमच्या मुलखात येऊन त्यानेही 'काहीच नव्हते' असे लिहिले असते तर?

अल्माटीहून कास्पियनच्या बाजूस जाणारी आगगाडी तो माळ ओलांडावयास दोन दिवसांहून अधिक घेते. डब्याच्या टोकाशी उकळत्या पाण्याचा बंब असतो, आणि चहासाठी सर्वांना तेथे यावेच लागते. त्या बंबापाशी पेला घेऊन उभा राहिलेल्या मराठी माणसाचा लेख आमच्या वाचनात अद्याप आलेला नाही.