पीयूषिकेचा तक्ता आणि म्हशीचा पान्हा

अंतःस्रावी ग्रंथींचा रंगीत तक्ता अनेक शाळांच्या प्रयोगशाळेत टांगलेला असतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका, तिच्यापासून अवटू, अधिवृक्क, अंडाशय यांच्याकडे निघालेले बाण आणि खाली ओळ : ‘सर्व ग्रंथींची प्रमुख’. या तक्त्याविषयी आमची तक्रार आहे. बाण सारे बाहेर जाणारे. आत येणारा एकही नाही. या प्रमुखाला हुकूम कोण देते, हा प्रश्न विद्यार्थ्याला सुचूच नये अशी ही मांडणी आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षकांनी हा धडा तक्त्याऐवजी गोठ्यापासून सुरू करावा, असे आम्ही सुचवतो. चिखली-मेहकरकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला हे सांगावे लागत नाही, की म्हैस बसल्या बसल्या दूध देत नाही. आधी पारडू लुचते, मग पान्हा येतो. एखादी म्हैस सरकी-ढेपेचे टोपले दिसताच पान्हवते; अनोळखी माणूस आला किंवा कुत्रे भुंकले की पान्हा चोरते. येथे चेतातंतूंचे काम डोळ्यांदेखत चालते. सडांना झालेल्या स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूमार्गे मेंदूतील अधश्चेतकापर्यंत जाते. तेथील चेतापेशींचे लांब तंतू देठातून खाली उतरून पीयूषिकेच्या पश्चखंडात संपतात. ऑक्सिटोसिन तयार होते ते अधश्चेतकातल्या या पेशींत. पश्चखंड हे ते साठवण्याचे व सोडण्याचे ठिकाण. तेथून ते रक्तावाटे कासेत पोचते आणि साधारण मिनिटभरात दूध उतरते. तेव्हा ‘पश्चखंड ऑक्सिटोसिन तयार करतो’ हे अजूनही वर्गात ऐकू येणारे वाक्य चूक आहे.

कासेकडे परतणारा निरोप रक्तातूनच जातो, हे अमेरिकेत ईली व पीटरसन यांनी १९४१ मध्ये दाखवले. गाईच्या अर्ध्या कासेचे चेतातंतू त्यांनी तोडले. तरी पान्हा दोन्ही बाजूंना आला.

अग्रखंडाची गोष्ट निराळी आहे, आणि तक्ता सर्वांत जास्त फसवतो तो येथेच. पश्चखंड हा मेंदूचाच खाली उतरलेला भाग. अग्रखंड भ्रूणाच्या तोंडाच्या छतापासून तयार होतो. म्हणजे एका गोळ्यात दोन ग्रंथी! सस्तन प्राण्यांच्या अग्रखंडात चेतातंतू फारच विरळ असतात व त्यांतले बरेचसे रक्तवाहिन्यांपुरते. मग मेंदूचा हुकूम पोचतो कसा? पोपा व फील्डिंग यांनी १९३० मध्ये देठातील रक्तवाहिन्यांचे जाळे वर्णिले, पण रक्त ग्रंथीकडून मेंदूकडे वाहते असे मानले. विस्लॉकी व किंग यांनी १९३६ मध्ये दिशा उलट असल्याचे सांगितले. पुढे १९५२ मध्ये हॅरिस व याकोबसोन यांनी उंदरांची पीयूषिका काढून तिच्या जागी दुसरी बसवली. अधश्चेतकाखाली बसवलेली ग्रंथी काम करू लागली. मेंदूच्या दुसऱ्या भागाखालची निकामी राहिली. हुकूम येतो तो रक्तातून, रसायनरूपाने. अशी रसायने शोधून काढल्याबद्दल गिलमॅं व शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. (मधला खंड माणसात नाममात्रच आहे, उंदरात मात्र त्याला डोपामीन सोडणारे चेतातंतू थेट पोचतात.)

आता नावाविषयी. लॅटिन ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ. ही ग्रंथी मेंदूतला कफ नाकात सोडते, अशी जुनी समजूत होती. मराठी विश्वकोशाने ‘पोष ग्रंथि’ म्हटले, पाठ्यपुस्तकांत ‘पीयूषिका’ रुळले. ध्वनिसाम्यावर बेतलेल्या शब्दांना आम्ही सहसा नाके मुरडतो. पण संस्कृतात ‘पीयूष’ म्हणजे अमृत, तसाच नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीकही. ज्या ग्रंथीमुळे पान्हा येतो तिला याहून चांगले नाव शोधूनही सापडले नसते. वर्गात हे अवश्य सांगावे.

पारडू दगावले की काही जण म्हशीला ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. हे औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीविना विकण्यास कायद्याने मनाई आहे. सुईने नेमके काय होते, हा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. सडापासून अधश्चेतकापर्यंतचा आणि तेथून पश्चखंडापर्यंतचा सगळा मार्ग वगळून हुकूम एकदम रक्तात घातला जातो, हे उत्तर त्या रंगीत तक्त्यावरून देता येणार नाही. फळ्यावर दोन खंड दोन रंगांच्या खडूंनी काढावेत. एकात वरून उतरणारे तंतू, दुसऱ्यात वरून उतरणाऱ्या रक्तवाहिन्या. दहा मिनिटांचे काम आहे.