जाहिरातीतले सत्य

जाहिरात आणि वाङ्मय यांचे हाडवैर आहे, असे आपण समजून चालतो. टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाचे व्हर्जिनियाविषयीचे, १५८८ साली लंडनला छापलेले छोटेखानी पुस्तक जुन्या इंग्रजीशी झटापट करीत वाचले, आणि माझी ही समजूत डळमळली.

हे पुस्तक म्हणजे उघड उघड जाहिरातच. वॉल्टर रॅलेने उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील रोआनोक बेटावर १५८५ साली धाडलेली वसाहत वर्षभरातच मोडली. परतलेल्यांपैकी काहींनी त्या भूमीची निंदा आरंभली. पैसा घालणारे बिचकू नयेत म्हणून, तेथे स्वतः राहून आलेल्या हॅरियटने लेखणी उचलली. मोती, कातडी, मका, तंबाखू! पुस्तकाचा बराच भाग वाण्याच्या यादीसारखा आहे.

पण शेवटी तो माणसांकडे वळतो, आणि यादीची कथा होते. ज्या गावांनी आपल्याविरुद्ध कारस्थान केले, ती इंग्रजांनी सोडताच तेथे माणसे भराभर मरू लागली, असे तो सांगतो. कुठे सुमारे २०, कुठे ४०, कुठे ६०, एका गावी तर १२०! रोग कोणता, हे तेथल्या कोणालाच उमगेना. हॅरियटला त्यात ईश्वराचा हात दिसतो. गावकऱ्यांपैकी काहींचा तर्क निराळा होता: हे पाहुणे न दिसणाऱ्या गोळ्या झाडतात.

युरोपीयांनी नेलेल्या रोगांनी तेथे काय अनर्थ केला, हे आज आपण जाणतो. मग सत्याच्या अधिक जवळ कोण होते? विद्वान लेखक, की ज्यांना तो अडाणी समजत होता ते? साऱ्या पुस्तकातली सर्वांत जिवंत प्रतिमा लेखकाची नव्हे. ती मरणाऱ्यांची आहे.

१५९० साली थिओडोर द ब्रायने हेच पुस्तक फ्रँकफुर्टला चार भाषांत काढले. जॉन व्हाइटच्या चित्रांवरून केलेले कोरीव ठसे त्यात आहेत. नाच आहे, मासेमारी आहे, स्वयंपाक आहे. रोगाने ओस पडणारे गाव मात्र नाही.

आपल्या काही लोकांनी सोसण्याजोग्या कारणांसाठी माणसे मारली, हेही हॅरियट कबूल करतो. आणि लगेच, ती शिक्षा रास्तच होती, अशी पुस्तीही जोडतो. त्याच्या न्यायबुद्धीला मी शंभरांत तीसच गुण देईन. पण प्रतिपक्षाचे बोल त्याने खोडले नाहीत. लेखक म्हणून त्याची थोरवी तेवढीच, आणि ती थोडी नव्हे.