दमडी मशीद: ऐकलेली गोष्ट आणि समोरचा दगड

नगरला गेलात तर भुईकोट किल्ल्यात नेहरूंना ठेवलं होतं ती खोली तुम्ही बघणारच. त्याच फेरीत किल्ल्याजवळची दमडी मशीदही बघा. आकाराने लहान आहे, अर्धा तास पुरतो असं वाटतं. मला दोन सकाळी लागल्या. मशिदीत किब्ला पश्चिमेला, म्हणजे दर्शनी भाग पूर्वेला. कोरीवकाम बघायचं असेल तर उन्हाची तिरीप येते तेव्हाच, सकाळी जा. दुपारी सगळं सपाट दिसतं आणि फोटोही वाया जातात.

मी अकोल्याहून गेलो होतो (आमचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे, हा खुलासा जन्मभर करावा लागणार). जाताना डोक्यात गोष्ट पक्की होती, जी तुम्हीही कुठेतरी वाचली असेल: किल्ल्याच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांनी आपल्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशांतून ही मशीद उभी राहिली, म्हणून ती दमडी मशीद. आता हीच गोष्ट जिथे जिथे छापलेली असते, तिथे पुढच्याच ओळीत आणखी एक वाक्य असतं: ही मशीद साहिर खान या निजामशाही सरदाराने १५६७ च्या सुमारास बांधली.

दोन्ही वाक्यं पुन्हा वाचा. मशीद मजुरांनी बांधली की सरदाराने? माहितीपर लेख लिहिणारे ही दोन वाक्यं शेजारी ठेवून निघून जातात. माझी तक्रार इथेच आहे. तुम्ही उद्या संशोधनाचा प्रस्ताव लिहाल तेव्हा साहित्याचा आढावा घेताना नेमकं हेच कराल: ‘अमुक म्हणतो असं, तमुक म्हणतो तसं’, आणि पुढचा परिच्छेद. गाईड विचारतील, ‘मग तुझं म्हणणं काय?’

मग दोन्ही वाक्यं जरा घासून बघू. आधी तारखा. किल्ला मूळचा मातीचा. हुसेन निजामशाहने १५५९ मध्ये दगडी तट बांधायला घेतला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तो उभा राहिला. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली, त्याच वर्षी हुसेन गेला, मूर्तझा गादीवर आला आणि कारभार त्याची आई खुन्झा हुमायून बघू लागली. मशिदीचं साल १५६७. म्हणजे मजूर दमडी देत होते त्यानंतर काही वर्षांनी, एक मोठं युद्ध आणि एक राजा उलटून गेल्यावर मशीद झाली. अशक्य काहीच नाही. पण मधल्या काळात तो पैसा कोणाकडे होता? हजारो दमड्या आपोआप एका जागी गोळा होत नाहीत. कोणीतरी हिशेब ठेवला, कोणीतरी पेटी सांभाळली. गोष्टीत हा माणूस नाही.

आणि खरा टोचणारा प्रश्न पुढे आहे: मजुरांनी दमडी दिली, की त्यांच्याकडून कापून घेतली? घरात कोणी सरकारी नोकर असेल तर त्यांना ‘स्वेच्छेने एक दिवसाचा पगार’ म्हणजे काय ते विचारा. मजुरीच्या जागी सरदार उभा असेल आणि दमडी मजुरी वाटतानाच बाजूला निघत असेल, तर देणगी आणि वसुली यांतला फरक फार बारीक राहतो. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ म्हणणाऱ्या भाषेत एक दमडी सोडणं ही काही सहज गोष्ट नाही. म्हणून मजूर आणि सरदार ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, पण तसं असेल तर गोष्टीचा गोडवा बराच कमी होतो.

तिसरीही शक्यता आहे, आणि ती मला जास्त पटते: आधी नाव, मग गोष्ट. लहानशा वास्तूला लोकांनी ‘दमडी’ म्हटलं असेल आणि नातवंडांनी ‘का?’ विचारल्यावर उत्तर तयार झालं असेल. अशा गोष्टींना भावंडं असतात, ती शोधायची सवय लावून घ्या. दिल्लीची मोठ की मशीद बघा. सिकंदर लोदीच्या वजिराने, मियाँ भोइयाने, मटकीचा एक दाणा पेरला, पीक पुन्हा पुन्हा पेरलं आणि त्या पैशांतून मशीद बांधली म्हणे. दाण्याच्या जागी दमडी ठेवा, सांगाडा तोच. अजमेरचा ‘अढाई दिन का झोपडा’ अडीच दिवसांत बांधला असं सांगतात. तिथे भरणाऱ्या अडीच दिवसांच्या उरुसावरून नाव पडलं असं दुसरं मत आहे. लांब कशाला, नगरच्याच डोंगरावरचा ‘चांदबिबीचा महाल’ हा महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती मूर्तझाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. या शहरात लोकांच्या तोंडच्या नावावर विसंबून किती चालायचं, ते यावरून ठरवा.

आता माझी चूक सांगतो. ‘गरिबांची मशीद’ एवढं डोक्यात असल्यामुळे मी पहिल्या दिवशी साधेपणा शोधत होतो. समोर तर भरगच्च कोरीवकाम! मग मी उलट्या टोकाला गेलो आणि वहीत लिहिलं: ‘एवढं काम म्हणजे पैसा भरपूर, सबब दमडीची गोष्ट खोटी.’ हा तर्क किती कच्चा आहे ते दुसऱ्या दिवशी सलाबतखानाच्या कबरीपाशी उभं राहिल्यावर कळलं. राज्याच्या वजिराची तीन मजली, अष्टकोनी, भलीमोठी इमारत, आणि भिंती जवळजवळ कोऱ्या. म्हणजे नक्षीवरून खिसा मोजता येत नाही. एकाला उंची हवी होती, दुसऱ्याला जवळून बघण्यासारखं काम. मी एका वास्तूवरून नियम काढला होता. नमुना एक, निष्कर्ष ठाम. पेपर असता तर पहिल्याच फेरीत परत आला असता.

वास्तू म्हणून मला ती आवडली का? हो, आणि तिच्या लहानपणामुळेच. मोठ्या मशिदीत नक्षी वर कुठेतरी राहते. इथे ती डोळ्यांच्या टप्प्यात आहे. आपला दगड बेसाल्ट, कठीण. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर किंवा अकोल्यातलं सिद्धेश्वर बघत वाढलेल्या माणसाला या दगडात बारीक धार काढायला काय लागतं याचा थोडा अंदाज असतो. ते काम माती वाहणाऱ्या, चुना मळणाऱ्या मजुराचं नाही. त्याला पाथरवट लागतो, वर्षानुवर्षं छिन्नी धरलेला. आणि गंमत बघा, सरदाराचं नाव टिकलं, मजुरांची निदान गोष्ट टिकली, पाथरवट मात्र दोन्ही वाक्यांत नाही. पैसा कोणाचा यावर आपण वाद घालतोय. हात कोणाचे होते हे कोणी विचारतच नाही. प्रयोगशाळेत उपकरण चालवणाऱ्या दादांचं नाव आपल्या किती पेपरांत असतं, तेही आठवून बघा.

दुसऱ्या सकाळी मी वहीतलं ‘गोष्ट खोटी’ खोडलं. त्या जागी लिहिलं: ‘गोष्ट नावाबद्दल आहे, बांधकामाबद्दल असेलच असं नाही. छिन्नीच्या खुणा बघायच्या.’ मग कोपऱ्यातल्या दगडापासून सुरुवात केली.