‘साधन व्यस्त आहे’ : एका त्रुटिसंदेशाची चिकित्सा

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर एक गाणे चालू असताना दुसरे सुरू करू गेले आणि साउंड कार्ड मोकळे नसले, तर जो संदेश उमटतो त्याचे इंग्रजी रूप ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असे आहे. त्याचे मराठी करताना ‘साधन व्यस्त आहे’ हे वाक्य सहज हाताशी येते. हा शब्द प्रथमदर्शनीच खटकावा असा आहे. मराठीच्या जुन्या वळणात ‘व्यस्त’ म्हणजे उलट. व्यस्त प्रमाण शाळेत शिकलेल्यास हा अर्थ ठाऊक असतो. ‘कामात गढलेला’ हा अर्थ हिंदीच्या मार्गाने आला आहे. परंतु खरा दोष शब्दाच्या कुळाचा नव्हे, तर वस्तुस्थितीच्या वर्णनाचा आहे. साउंड कार्ड कामाने गांजलेले नसते. दुसऱ्या आज्ञावलीने ते अडवून धरलेले असते, आणि पुष्कळदा ती आज्ञावली त्यातून काही वाजवीतही नसते.

नसरापुराहून वेल्ह्यास जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी आहे. तेथून साखर आणि गुंजवणे या गावांकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याकडे, वाट फुटते. हा भातखाचरांचा मुलूख. वरच्या खाचरातून खालच्यात पाणी उतरेनासे झाले, तर तेथील शेतकरी ‘पाणी व्यस्त आहे’ असे कधी म्हणणार नाही. तो ‘पाणी अडवलंय’ म्हणेल, आणि ऐकणारा लगेच ‘कुणी?’ असे विचारील. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी रूपाला कर्ता ‘ने’ प्रत्यय घेऊन येतो. तो गाळला, तरी त्याची रिकामी जागा ऐकणाऱ्यास जाणवते. ‘बिझी’ या विशेषणात अशी जागाच नाही. म्हणून भाषांतर निर्दोष झाले, तरी ‘कुणी?’ हा एकच उपयोगी प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात उठत नाही. त्यास यंत्र बिघडले असे वाटते, आणि तो संपूर्ण प्रणाली पुसून नव्याने बसविण्याच्या खटाटोपास लागतो.

कर्ता हरवला तो मात्र भाषांतरकाराच्या हातून नव्हे. प्रणालीचा गाभा केवळ 16 हा त्रुटिक्रमांक परत करतो. त्या क्रमांकास शब्द देण्याचे काम वरच्या थरातील ग्रंथालय करते. साउंड कार्ड कोणाच्या ताब्यात आहे हे गाभ्यास ठाऊक असते, पण ते त्या क्रमांकात मावत नाही. ‘फ्यूजर’ ही आज्ञा ध्वनिसाधनांच्या संचिकांवर चालविली, की धरून बसलेल्या आज्ञावलीचे नाव तत्काळ कळते. ती आज्ञावली बंद केली, की बहुधा संगीत पूर्ववत होते. इतका सोपा उपाय संदेशाच्या वाऱ्यासही उभा नसावा, हे आश्चर्य होय.

या भांडणाचा इतिहास जुना आहे. 1992 मध्ये हन्नू सावोलाइनेन यांनी सुरू केलेल्या ध्वनिव्यवस्थेत सामान्यतः एका वेळी एकाच आज्ञावलीस कार्ड उघडता येई. यारोस्लाव किसेला यांची अल्सा ही व्यवस्था डिसेंबर 2003 च्या 2.6 या आवृत्तीत गाभ्याचा भाग म्हणून आली. पण तत्पूर्वीच केडीई आणि ग्नोम या दोन पटलांनी आपापले ध्वनिसेवक नेमले होते. एका दारावर दोन द्वारपाल, आणि किल्ली मात्र एकच, अशी ती अवस्था होती. लेनार्ट पोएटरिंग यांचे पल्सऑडिओ नोव्हेंबर 2007 मध्ये फेडोरा 8 मध्ये व एप्रिल 2008 मध्ये उबुंटू 8.04 मध्ये मूळचेच बसविलेले आले. सर्व प्रवाह एकत्र मिसळून कार्डाकडे एकच प्रवाह पाठवावा ही त्याची कल्पना योग्यच होती. पण जी आज्ञावली त्यास वळसा घालून थेट कार्डाला भिडे, तिच्याशी त्याचा तंटा होई. एप्रिल 2021 मध्ये फेडोरा 34 ने विम तायमान्स यांचे पाइपवायर स्वीकारले. तेही पल्सऑडिओच्या वेषात वावरू शकते. साहजिकच जुना आणि नवा असे दोन्ही सेवक एकदम जागे राहिले, तर तोच तंटा नव्या नावाने उभा राहतो.

बोलीतील ‘आवाज येत नाही’ या तक्रारीने येथे आणखी गोंधळ होतो. मराठीत ‘आवाज’ म्हणजे ध्वनीही आणि त्याची पातळीही. पातळी शून्यावर असणे, कार्ड दुसऱ्याने धरणे, ध्वनी भलत्याच निर्गमाकडे जाणे, साठा वेळेवर न भरल्याने गाणे तुटक होणे, या चार निराळ्या अवस्था त्या एका वाक्यात बुडून जातात. बिनतारी कर्णयंत्राची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा ध्वनिग्राहक कोणी उघडला, की यंत्र संभाषणाच्या रीतीत जाते आणि गाणे जुन्या दूरध्वनीतून आल्यासारखे होते. येथे काहीच बिघडलेले नसते.

पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाचे मोठे काम झाले आहे, आणि पल्सऑडिओसाठीही मराठी भाषांतराची संचिका आहे. त्या श्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र भाषांतरकारास सुटी वाक्ये मिळतात, प्रसंग मिळत नाही; ‘सस्पेंड’ म्हणजे शिक्षा नव्हे, तर काही सेकंद कोणी वाजवीत नसल्याने कार्ड सोडून देणे, हे सुट्या शब्दावरून कळावे कसे? ‘दुसऱ्या आज्ञावलीने साउंड कार्ड अडवले आहे’ असे लिहिण्यास त्यास मुभा हवी, आणि कर्त्याचे नाव भरण्यास मूळ वाक्यातच जागा हवी. ती ठेवणे हे आज्ञावली रचणाऱ्याचे काम आहे.

एका संज्ञेच्या बाबतीत मात्र अडचण नाही. दूरध्वनीचे संभाषण सुरू होताच पल्सऑडिओ संगीताचा प्रवाह मुद्दाम थोपवते, आणि त्यास इंग्रजीत ‘कॉर्क’ म्हणतात. येथे संगीत थांबते ते नियमाने. ‘प्रवाह तात्पुरता स्थगित’ असले जड भाषांतर करण्यापेक्षा ‘संभाषणासाठी गाण्याला बूच लावले आहे’ असे लिहिले, तर मार्गासनीतही ते समजावून सांगावे लागणार नाही.