दारापाशी थांबलेला पेत्र

एका प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर आम्ही 'जीझस ऑफ नाझरेथ' ही मालिका थोडी थोडी करून पाहिली. चौथ्या रविवारी मिस्सामध्ये उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे वाचन झाले. मिस्सा संपल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने मला विचारले, "फादर, आज तुम्ही पेत्राचा भाग का नाही वाचला?"

प्रश्न निरागस होता. मी मात्र चपापलो. संत लूकच्या शुभवर्तमानात या दाखल्याच्या प्रसंगी पेत्राचे नावही नाही. तो भाग शुभवर्तमानातला नसून मालिकेतला होता. चित्राने वचनाची जागा घेतली होती. ही हानी मानावी की लाभ, याचा विचार तेव्हापासून माझ्या मनात घोळत आहे.

फ्रँको झेफिरेल्ली यांनी दिग्दर्शित केलेली ही सहा तासांहून अधिक लांबीची मालिका 1977 साली इटली, ब्रिटन व अमेरिकेत प्रथम दाखवली गेली. चित्रीकरण मोरोक्को व ट्युनिशिया येथे झाले. पटकथेत दिग्दर्शकासोबत अँथनी बर्जेस व सुझो चेक्की दामिको यांचा हात होता. इतक्या वर्षांनंतरही ती पवित्र सप्ताहात ठिकठिकाणी श्रद्धेने पाहिली जाते.

त्या मुलीच्या मनात ठसलेला प्रसंग असा: जकातदार मत्तयाचा पेत्राला मनस्वी तिटकारा आहे. येशू त्याच मत्तयाच्या घरी जेवायला जातो आणि तेथे उधळ्या पुत्राची गोष्ट सांगू लागतो. पेत्र दारापाशी उभा राहून ऐकतो. घरात पाऊल टाकण्यास नकार देणाऱ्या मोठ्या भावापर्यंत कथा येते, तेव्हा ती कोणासाठी सांगितली जात आहे हे पेत्राला उमगते. तो पुढे येतो आणि मत्तयाशी त्याचा समेट होतो.

लूकमध्ये हा दाखला कुरकुर करणाऱ्या परुश्यांना व शास्त्र्यांना उद्देशून आहे. पटकथाकारांनी तो तेथून उचलला आणि प्रेषितांच्या अंतरंगात नेऊन ठेवला. हे स्वातंत्र्य मला मान्य आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत शुभवर्तमानातील प्रसंग मनश्चक्षूंपुढे उभा करण्यास, तेथील माणसे पाहण्यास व त्यांचे बोलणे ऐकण्यास सांगितले आहे. सेमिनरीत आम्हीही तेच शिकलो. हा प्रसंग म्हणजे असेच एक मनन होय. त्यातून मूळ दाखल्याचा अर्थ झाकला जात नाही, उलट अधिक खोल होतो.

देवदूताच्या निरोपाचा प्रसंगही तसाच. तेथे गब्रिएल दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. रात्रीच्या वेळी झरोक्यातून प्रकाश येतो आणि पवित्र मरिया बोलते. जे दाखवता येत नाही ते न दाखवण्याचा विवेक येथे आहे.

यहुदा इस्कार्योतच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटला. त्याने येशूला का धरून दिले याचे एकच एक उत्तर शुभवर्तमानकार देत नाहीत. मत्तय पैशांचा उल्लेख करतो, लूक व योहान सैतानाचा. ते पाप पुरते उलगडत नाही. मालिकेला ते उलगडून हवे होते. त्यासाठी झेरा नावाचा एक कल्पित शास्त्री निर्माण करण्यात आला. तो यहुदाला फसवतो. येशूला धर्मसभेपुढे आपली बाजू मांडता येईल, असे भोळ्या यहुदाला वाटते.

यामागील हेतू चांगला होता. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 साली 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट केले. मालिकेत येशूच्या बाजूने बोलणारे निकोदेम व अरिमथाईकर योसेफ आहेत, सिनेगॉगमधील प्रार्थना आहेत, हे तिचे मोठेच श्रेय आहे. परंतु समाजावरचा आरोप दूर करताना तो एका काल्पनिक कारस्थान्यावर टाकला गेला आणि यहुदाही जवळजवळ निर्दोष ठरला. फसलेला माणूस चूक करतो. विश्वासघात तो जाणूनबुजून करावा लागतो. "प्रभो, तो मी आहे काय?" असे शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रत्येक शिष्याने विचारले. झेरासारखा खलपुरुष समोर असल्यावर प्रेक्षकाला हा प्रश्न स्वतःला विचारण्याची गरज उरत नाही. पेत्राचा प्रसंग आपल्याला गुंतवतो, यहुदाचा प्रसंग आपल्याला मोकळे सोडतो. माझ्या मते या मालिकेचे बळ आणि तिचे उणेपण या दोन प्रसंगांत सामावले आहे.

म्हणून अशी मालिका दुसऱ्याने केलेले मनन म्हणून पाहावी आणि नंतर पवित्र ग्रंथ उघडून स्वतःचे मनन करावे. त्या मुलीला मी लूकचा पंधरावा अध्याय वाचायला दिला. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि गोंधळून म्हणाली, "पण फादर, मोठा भाऊ आत गेला की नाही, ते इथे लिहिलेलंच नाही!"

खरेच, लूकने ते लिहिलेले नाही. झेफिरेल्लींनी पेत्राला आत नेले. लूक मोठ्या भावाला दाराबाहेर पित्यासमोर उभा ठेवून थांबतो. आयुष्यभर पित्याच्या घरात राहिलेल्या आम्हा धर्मगुरूंना ती जागा चांगलीच परिचयाची आहे. हा दाखला मी कितीतरी वेळा वाचला, त्यावर प्रवचने केली. पण प्रत्येक वेळी धाकट्या मुलाविषयीच बोललो. मालिका पाहिलेल्या एका मुलीने मला दारापाशी आणून उभे केले. त्याबद्दल मी त्या मालिकेचा ऋणी आहे.