दप्तर वाटलं, जबाबदारी कुणाची?

१२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसच्या सरकारी अभिलेख केंद्राला आग लागली. सैनिकांच्या १ कोटी ६० लाखांहून जास्त सेवा-फायली गेल्या. दुसरी प्रत नव्हती, सूचीही नव्हती. पुढे निवृत्त सैनिकांची सेवा सिद्ध करायला उपयोगी पडली ती इतर खात्यांतली कागदपत्रं, पगाराची व्हाउचरं. म्हणजे नोंदींचं विकेंद्रीकरण हवंच, असं आपण चटकन म्हणतो. पण हे अर्धंच खरं आहे. कागद दहा कचेऱ्यांत खुशाल राहोत. कुठला कागद कुठे आहे याची सूची, आणि तो कधी नष्ट करायचा हा नियम, हे मात्र एकच हवेत. नाहीतर काय होतं? नागरिक या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘आमच्याकडे नाही.’ आगीची निदान चौकशी तरी होते. हरवलेल्या फायलीची जबाबदारी कुणाची, हे आपण आधी ठरवायला नको का?