हातयंत्रांतील ध्वनिलेख व त्याची नक्कल : एक परीक्षण

कागदाचा पुरावा तपासतांना जी दक्षता आपण बाळगतों, ती आवाजाचा पुरावा हातीं येतांच सोडून देतों, अशी आमची तक्रार आहे. जुना कागद समोर आला कीं आपण त्याची शाई, अक्षराचें वळण, शिक्का व मिती हीं सर्व पाहतों. अस्सल कोणता व नक्कल कोणती, हा प्रश्न प्रथम विचारतों. उलट, खिशांत मावणाऱ्या यंत्रावर घेतलेला ध्वनिलेख संगणकावर येऊन पोंचला, म्हणजे ‘प्रत्यक्ष माणूसच बोलतो आहे, येथें लबाडीस जागा कोठें?’ असें म्हणून तो निःशंकपणें स्वीकारला जातो. परीक्षण करावयाचें तें या समजुतीचें. कोणा व्यक्तीचें नव्हे.

प्रसंग घडला तो असा. गडचिरोलीच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या वाटेवरील धानोरा येथून एका स्नेह्यांनीं आमच्याकडे तीन ध्वनिलेख धाडले. त्यांत एका वृद्ध गोंड गृहस्थांनीं आपल्या कुळाची व गांव वसल्याची हकीगत सांगितली होती. लेख व्हॉट्सॲपवरून आले. फाईलींच्या नांवांत तारीख होती. परंतु ती पाठविल्याची, सांगितल्याची नव्हे. सांगणाऱ्याचें नांव, स्थळ, विचारणारा कोण, यांपैकीं कांहींच नोंदलेलें नव्हतें. तिसरा लेख तर ऐन मजकुरांत तुटलेला. अस्सल मागविला तेव्हां कळलें कीं, कार्डावर जागा व्हावी म्हणून तो पुसून टाकण्यांत आला होता. पुन्हां जाऊन विचारावें, तों ते गृहस्थ वारल्याचें वृत्त आलें. पोथीचीं शेवटचीं पानें वाळवीनें खाल्लीं, तर निदान ती वाळवी आपण पाळलेली नसते.

हातयंत्रांतून संगणकांत आवाज नेण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत, आणि तिन्हींची योग्यता सारखी नाहीं. पहिली वाट म्हणजे तारेनें यंत्र जोडून, किंवा कार्ड काढून, फाईल जशीच्या तशी उतरवून घेणें. ही उत्तम. मात्र येथेंही सावधगिरी लागते. यंत्राची बॅटरी संपली व घड्याळ मागें गेलें, तर फाईलीवर भलतेंच वर्ष उमटतें. आणि विंडोज संगणकावर नक्कल केल्यास निर्मितीची तारीख म्हणून नकलेचाच दिवस दिसतो. जो संशोधक शकाच्या एका अंकावरून वर्षभर वाद घालतो, त्यानें ही तारीख डोळे मिटून घ्यावी, हें नवल आहे.

दुसरी वाट जुन्या यंत्रांची. कित्येकांना संगणकाशीं जोडण्याची सोयच नव्हती. सोनीच्या कांहीं यंत्रांतील डी.व्ही.एफ. व एम.एस.व्ही. प्रकारच्या फाईली तर त्या कंपनीच्या स्वतंत्र प्रणालीवांचून उघडत नाहींत. मोडीची किल्ली हरवल्यासारखी स्थिति होते. अशा वेळीं कानांत घालावयाच्या नळीच्या छिद्रांतून तार काढून ती संगणकाच्या ध्वनिप्रवेशास लावावी लागते, व ऑडॅसिटीसारख्या प्रणालींत आवाज पुन्हां मुद्रित करावा लागतो. एका तासाच्या कथनास एक तासच लागतो. आवाज फार चढविला तर शब्द फाटतात, फार उतरविला तर तारेची घरघर वर येते. ही नक्कल लेखनिकानें हातानें उतरून घेतल्यासारखी आहे. ती करणाऱ्याचें नांव तीवर असलेंच पाहिजे.

तिसरी वाट धानोऱ्याहून आलेल्या लेखांची. निरोपाच्या सोयीसाठीं असले मार्ग आवाज दाबून लहान करितात, आणि दाबतांना जें गळतें तें पुन्हां भरून येत नाहीं. दाबलेल्या फाईलीची दुसऱ्या प्रकारांत पुन्हां दाबून नक्कल केली, तर गळती वाढत जाते. न दाबलेला उत्तम प्रतीचा ध्वनिलेख मिनिटास सुमारें १० मेगाबाइट जागा खातो, म्हणून लोक या वाटेस लागतात, हें आम्ही जाणतों. पण तोच लेख ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडिला तर तो बहुधा अविकृत पोंचतो; एवढें कळण्यास पांडित्य लागत नाहीं.

पोथ्यांच्या जुन्या लेखनिकांस ही जबाबदारी ठाऊक होती. ते शेवटीं आपलें नांव, स्थळ व मिती घालीत, आणि बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून ग्रंथसंख्या लिहीत. त्यामुळें कांहीं गळलें वा घुसडलें तर संशय घेण्यास जागा राही. आज संगणकावर एस.एच.ए.-२५६ या रीतीनें फाईलीची चौसष्ट अक्षरी खूण काढितां येते. फाईलींत एक अंश जरी बदलला तरी ती खूण बदलते. ही नव्या काळाची ग्रंथसंख्याच होय.

पूर्वसूरींचीं दोन उदाहरणें येथें तोलून पाहावीं. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणासाठीं १९१३ ते १९२९ या काळांत हिंदुस्थानांतील अनेक बोलींच्या तबकड्या काढण्यांत आल्या, व त्यांचे संगणकीय ध्वनिलेख आज शिकागो विद्यापीठाच्या संग्रहांत ऐकावयास मिळतात. त्यांत नोंदीची शिस्त होती. परंतु बोलणाऱ्यांकडून उधळ्या पुत्राचा दृष्टांत वदविण्याची प्रथा असल्यामुळें, बोली मिळाली तरी बोलणाऱ्याची स्वतःची आठवण थोडीच मिळाली. धानोऱ्याचा प्रकार नेमका उलटा: आठवण अमोल, नोंद शून्य.

दुसरें उदाहरण अधिक समाधानकारक आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून एक लक्षाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांपैकीं हजारों ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. बर्नार बेल यांनीं त्या संगणकीय नोंदवहींत बसविण्यास साह्य केलें, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनें त्या क्रमशः प्रसिद्ध केल्या. तेथें ओवीबरोबर गाणारीचें नांव, गांव व तालुका वाचावयास मिळतो. म्हणूनच तो नुसता गाण्यांचा साठा न राहतां इतिहासाचें साधन ठरला.

कोणी म्हणेल, जंगलांतील कार्यकर्त्यास इतकी फुरसद कोठून? आक्षेप खरा आहे. म्हणून अपेक्षा थोडकीच ठेवावी. मुद्रणाच्या आरंभींच स्वतःच्या तोंडानें तारीख, गांव व सांगणाऱ्याचें नांव उच्चारावें. संगणकावर उतरलेली फाईल आरंभापासून शेवटपर्यंत ऐकून पाहिल्यावांचून यंत्रांतील अस्सल पुसूं नये. दोन नकला दोन ठिकाणीं ठेवाव्या, व नक्कल कोणत्या वाटेनें आली हें लिहावें. एवढ्यानें निम्मी हानि टळेल.

शेवटीं एक गोष्ट. याच धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तेथील ग्रामसभा सर्वांची संमति झाल्यावांचून निर्णय घेत नाहीं, ही तिची ख्याति आहे. जंगलावर जसा गांवाचा हक्क, तसाच गांवच्या आठवणीवरही आहे. सांगणाऱ्याची व गांवाची संमति घ्यावी, आणि एक नक्कल गांवास परत द्यावी. आम्ही कागद जमविणाऱ्यांनीं आजवर गांवोगांवचीं दप्तरें शहरांत आणिलीं. परत पोंचविलेल्या नकला किती, हें ज्यानें त्यानें आपल्या संग्रहास विचारावें. आमच्याजवळील ते अडीच ध्वनिलेख आम्ही, जसे आले तसे, वर दिलेल्या हकीगतीसह धानोऱ्यास परत धाडीत आहों.